साहेबांनी भोपळा थुंकला

भोपळा कापायला धार कमी आणि वजन जास्त लागतं. सुरी सालीवर टेकवायची, मुठीवर दुसरा तळवा ठेवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. आधी तो कुरकुरतो, अडून बसतो, आणि मग एकदम दोन फाका होऊन ओट्यावर लोळतो. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मावशी गेली तीन वर्षं हेच करत आली होती.

पण त्या सकाळचा भोपळा बाजारातून पोत्यात आलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. गेल्या वर्षी कुंपणापाशी आपोआप उगवलेल्या वेलीचा एक भोपळा असा निघाला होता, की अख्ख्या जेवणघराने "काय साखर आहे गं!" म्हणत दुसऱ्यांदा मागितला. त्याच्या बिया मावशीने धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपल्या आणि स्वयंपाकघरामागे, भांडी घासल्याचं पाणी जातं तिथे पेरल्या. वेल अशी माजली की कुंपण दिसेना. त्यातलं हे पहिलं फळ. सात किलोचं, तजेलदार, मांडीवर घेतलं तर लेकराएवढं.

"आज माझ्या हातचं खाणार सगळे," ती भोपळ्यालाच म्हणाली. बावीस वर्षं सगळे तिच्याच हातचं खात होते, पण तिला काय म्हणायचं होतं ते भोपळ्याला कळलं असावं.

या आश्रमात भोपळा शिरला तो कुत्र्यामुळे. कुत्र्याचं नाव साहेब. त्याचा मालक इथेच राहायचा, इथेच गेला, आणि कुत्रा मागे राहिला. ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर तो असा बसायचा, की नवीन आलेला माणूस आधी त्यालाच नमस्कार करी. तीन वर्षांपूर्वी साहेबांचं पोट अडलं. चार दिवस अंगणात फेऱ्या मारायचे, कुंथायचे आणि तोंड पाडून परत यायचे. जनावरांचा डॉक्टर आला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "उकडलेला भोपळा द्या. साधा. मीठ नाही, तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याला विष. चोथा असतो त्यात, पाणी असतं. अडलेलं मोकळं करतो आणि पातळ झालेलं बांधतो."

तिसऱ्या दिवशी साहेब अंगणातून शेपूट उभारून आले.

हे सगळं सुतारकाका बघत होते. ऐंशीला टेकलेले, हाताची दोन बोटं करवतीने नेलेली, तोंड मात्र शाबूत. त्यांनी सरळ स्वयंपाकघराचं दार गाठलं. "मावशी, कुत्र्याचं पोट साफ होतंय आणि माझं नाही, हा कुठला न्याय? मला पण साहेबांचं जेवण वाढ."

"तुम्हाला मीठ घालून देते."

"मीठ घाल, कांदा घाल, भुंकायला लाव हवं तर. पण दे."

म्हाताऱ्या माणसांचं अर्धं आयुष्य पोटात अडकलेलं असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी, दुखण्याची गोळी, आणि चालणं म्हणाल तर खाटेपासून खिडकीपर्यंत. सकाळी संडासाबाहेर रांग लागते ती आशेची असते. महिनाभरात रांग हलू लागली. लोकांचे चेहरे उजळले. दात नसलेल्यांना चावायला नको, गोड लागतो, पोटात जड होत नाही, वजनही वाढवत नाही. आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं आहे. डोळ्यांनाही चांगलं. फक्त ज्यांची किडनी अधू आहे त्यांना मला विचारून द्या, बाकी खुशाल खा. पण त्याची पूजा मांडू नका, भाजी आहे ती."

पूजा मांडली गेलीच. आश्रमाच्या व्यवस्थापकांना पाठीमागे सगळे 'परिपत्रक' म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागदाशिवाय श्वास घेता येत नसे. त्याने कुठून कुठून वाचून 'भोपळ्याचे सतरा फायदे' असा कागद टाइप केला आणि प्रत्येक खोलीच्या दारावर चिकटवला. साखर जाते, सांधे सुटतात, स्मरणशक्ती वाढते, केस येतात. तळाशी ठळक अक्षरांत: 'भोपळा हे अन्न नसून औषध आहे.' सुतारकाकांनी टकलावरून हात फिरवला आणि मावशीला म्हणाले, "चौदावा फायदा लागू पडायला किती दिवस लागतात, तेवढं विचारून ये गं."

तेव्हा सगळे हसले. या तळाच्या ओळीने पुढे काय केलं, ते येईलच.

आता मावशीची गोष्ट. दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. आठ दिवस स्वयंपाकघरामागच्या आपल्या खोलीत ती पडून होती. नवव्या दिवशी उठली, चहा केला, घोट घेतला आणि तिला वाटलं, आपण नुसतं गरम पाणीच ओतून घेतलं. साखर बोटाने चाटली. वाळू. मीठ चाटलं. तीही वाळू. लसूण नाकाशी चुरडला, तर हवा. सुट्टीच्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, नाव खोटं सांगून, तिने एका डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "येईल हळूहळू. कधी कधी नाहीही येत." आणि घंटी वाजवून पुढच्याला आत बोलावलं.

आली नाही.

सांगायचं कुणाला? स्वयंपाकघराच्या भिंतीवर नियमांचा तक्ता होता. त्यातला अकरावा: 'स्वयंपाक करणाऱ्याने प्रत्येक पदार्थाची चव घेऊन चवीच्या वहीत सही केल्याशिवाय अन्न वाढू नये. कसूर झाल्यास सेवा समाप्त.' सेवा समाप्त म्हणजे खोलीही समाप्त. लेकीचं घर दोन खोल्यांचं, त्यात सासू, सासरे, दीर आणि एक शिवणयंत्र. आई गेली असती तर यंत्रावर झोपली असती. बावन्नाव्या वर्षी, जीभ मेलेली स्वयंपाकीण कोण कामावर ठेवणार?

म्हणून ती गप्प राहिली आणि हातांवर स्वयंपाक करू लागली. मिठाला पत्र्याचं एक माप ठरवलं. कांदा झाला की नाही हे आवाजावरून, भाजी शिजली की नाही हे डावाच्या वजनावरून. मीठ घातलं की फळीवरची वाटी पालथी घालायची, म्हणजे घातलं की नाही हा घोळ नको. कधी कोणी ती वाटी उचलून धुवून सरळ ठेवली, की घोळ आलाच. मग ती देवावर हवाला ठेवून एक माप घालायची किंवा घालायची नाही. आणि रोज वहीत लिहायची: 'चव चांगली.' खाली सही.

वहीत दुसरी सही नर्सताईची. नियमाने तिनेही चाखायचं. पण एकेचाळीस जणांची इन्सुलिनं, मलमपट्ट्या आणि औषधांचे ट्रे एकटीने सांभाळणारी बाई चमचा घेऊन स्वयंपाकघरात कधी येणार? ती दारातूनच वही मागायची. "मावशी, तुमच्या हातच्याला काय चाखायचं?" म्हणत सही ठोकायची. मावशी हसायची. तिला तेव्हा रडू यायचं, ते कांद्यावर खपून जायचं.

एकच जीव रोज खरोखर चाखत होता. साहेब. भोपळा उकडून घोटला की मीठ-कांदा पडायच्या आधी त्यांची वाटी निघायची, सुतारकाका ती अंगणात न्यायचे, आणि साहेब ती अशी चाटायचे की घासायला उरायची नाही. मावशी खिडकीतून बघायची. साहेबांनी वाटी चाटली की तिचा जीव भांड्यात पडायचा. हा तिचा स्वतःचा बारावा नियम होता आणि तो तिने एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी मोडला.

झालं असं की त्या दिवशी न्हावी आला होता. सुतारकाका अंगणात तोंडाला फेस लावून, मान मागे टाकून बसले होते आणि साहेबांची वाटी ओट्यावर वाट बघत होती. तेवढ्यात नवी सेविका आली. तीन आठवड्यांपूर्वी लागलेली, कामसू, घाबरट, सतत पळणारी. आश्रमात दोघं अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना भरवायला वेळ लागतो म्हणून त्यांचं ताट इतरांच्या तासभर आधी जाई.

"मावशी, झालं का? मला अजून दोघांची अंथरुणं बदलायची आहेत. परिपत्रक फेरीवर यायच्या आत."

"थांब जरा, साहेबांची वाटी..."

"कुत्र्यासाठी माणसं थांबवता का, मावशी?"

मावशीने मीठ घातलं, दोन वाडगे भरले आणि ट्रे तिच्या हातात दिला. वाटी पालथी घातली. वही उघडली. 'भोपळा. चव चांगली.' सही. नर्सताईने जाता जाता खाली आपली सही ओढली आणि म्हणाली, "स्वतःच्या वेलीचा ना? मग बघायलाच नको."

पंधरा मिनिटांनी सुतारकाका गुळगुळीत गालांनी आले, वाटी घेऊन गेले. मावशी खिडकीशी उभी राहिली.

साहेबांनी नाक खुपसलं. एक मोठा घास घेतला. आणि मान झटकून थुंकला. तोंडाला फेस आला. ते गवतात गेले आणि तोंड घासू लागले, आधी उजवीकडून, मग डावीकडून. मग वाटीकडे पाठ करून बसले.

"काय रे, माजलास का?" सुतारकाका ओरडले. "मावशी, तुझे साहेब आज उपोषणाला बसले!"

मावशीने पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. वाळू. दुसऱ्यांदा चाटलं, जिभेच्या मागे नेऊन टाळूवर दाबलं, डोळे मिटले. जणू जोर लावला तर चव येणार होती. काही नाही. गरम, मऊ, ओली वाळू.

समोर पातेल्यात एकोणचाळीस जणांचा भोपळा रटरटत होता. जेवणाच्या घंटेला पाऊण तास होता.

तिच्या डोक्यात पहिला विचार काय आला हे सांगायला हवं, कारण चांगली माणसं पहिला विचार नेहमी चांगलाच करतात असं दाखवणारे लोक खोटारडे असतात. तिला वाटलं, पातेलं पालथं करावं. हात भाजला, घसरलं, सांडलं. बावीस वर्षांत एकदा सांडलेलं पातेलं कोण विचारतं? भात आहे, अंडी उकडता येतील. कोणाला काही कळायचं नाही. वहीत सही आहे, ती तशीच राहील. तिने कपड्याने पातेल्याचे कान धरलेसुद्धा.

आणि धरल्या धरल्या तिला तो ट्रे आठवला.

सांडलेला भोपळा जमिनीवरून पुसता येतो. पोटात गेलेला कसा पुसणार?

मावशी पळाली. ओला पदर, हातात डाव, पायातली एक चप्पल जेवणघरातच राहिली. म्हाताऱ्यांच्या वाटेत पळायचं नाही हा सातवा नियम होता.

खिळलेल्यांच्या खोलीत दोन खाटा. दाराजवळच्या खाटेवर पेंटरबाबा, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले. कान गेलेले, हात थरथरणारे, स्वभाव असा, की ताटात दगड वाढला तरी 'छान झालाय' म्हणतील. त्यांचा वाडगा अर्धा रिकामा होता. खिडकीजवळच्या खाटेवर आत्या. ती कुणाची आत्या होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला भेटायला कोणी येत नसे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात आणि डोळे तेवढे तिचे राहिले होते.

आत्याने ओठ घट्ट मिटले होते. हनुवटीवरून नारिंगी ओघळ येऊन गळपट्टीवर पडला होता. सेविकेने एका हाताने तिचे गाल दाबले होते आणि दुसऱ्या हाताने चमचा ओठांच्या फटीत घालत होती. घामाघूम झाली होती बिचारी. "असं नाही करायचं, आत्या. औषध आहे ना हे? दारावर लिहिलंय बघा. औषध कडूच असतं. पेंटरबाबांनी बघा कसं गपगुमान..."

आत्याचा डावा हात चादर मुठीत धरून वळत होता. डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

मावशीने चमचा उडवला. तो दारावर आपटला आणि 'सतरा फायदे' लिहिलेल्या कागदावर भोपळा पसरला.

"किती खाल्लं हिने?"

"दोन... दोनच चमचे. थुंकतेय सारखी. काय झालं, मावशी?"

"आणि बाबांनी?"

"सहा-सात. ते म्हणाले कडू आहे, पण मीच म्हटलं औषध आहे. मला काय माहीत! तुम्ही चाखलंय ना? वहीत सही..."

आरडाओरडा ऐकून नर्सताई आली होती. तिच्या मागे परिपत्रक, छातीशी फाइल धरून. दारात सगळे उभे. मावशीच्या हातात डाव, एका पायात चप्पल. तिला वाटलं, अजूनही वेळ आहे. 'मी चाखला तेव्हा चांगला होता' असं म्हणता येईल. वाडगा बदलला, डबा खराब होता, काहीही.

आत्या तिच्याकडे बघत होती. हिला सगळं कळलेलं होतं, आणि सांगता एक अक्षर येत नव्हतं.

"मला चव लागत नाही," मावशी म्हणाली.

"म्हणजे?" नर्सताई म्हणाली.

"लागत नाही म्हणजे लागत नाही! दीड वर्ष झालं. तापात गेली. मीठ, साखर, माती, मला सगळं सारखं. कुत्र्याने थुंकला म्हणून मला कळलं. ताई, बाबांचं काय ते बघा आधी, मला नंतर फाडून खा."

पेंटरबाबांना तेवढ्यात पहिली उलटी झाली.

पुढचा तास नर्सताईचा होता, आणि त्या तासात ती काय चीज आहे हे परिपत्रकालाही दिसलं. बाबांना कुशीवर वळवलं, दोघांची तोंडं धुतली, फोन लावला, साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने. सुतारकाकांनी जेवणघराच्या दारात खुर्ची टाकली आणि कुणालाही आत सोडलं नाही. डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. बाबांना आणखी तीन उलट्या, पोटात कळा, जुलाब. एक सलाईन लागलं. आत्याला नुसती मळमळ. दुपारी चारला बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "छान होतं. जरा कडू होतं."

डॉक्टरीणबाईंनी पातेल्यातला कण जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला. "बी कुठलं?"

"घरचं. गेल्या वर्षीच्या फळाचं."

"आसपास शोभेचे भोपळे आहेत?"

होते. कमानीवर, फाटकाशी. पिवळे-हिरवे पट्ट्यांचे, मुठीएवढे, नुसते बघायचे. विश्वस्तांच्या पत्नीने हौसेने लावले होते, गेल्या वर्षीपासून.

"मग झालं. मधमाशी तिकडून इकडे आली. फळ गेल्या वर्षी गोडच लागलं, पण बी बिघडलं, आणि ते यंदा उगवलं. असा कडू भोपळा विषारी असतो. शिजवून कडूपणा जात नाही. म्हाताऱ्या शरीराला वाडगाभर गेला असता तर मी आज इथे वेगळा कागद लिहीत बसले असते. भोपळ्याचा दोष नाही हो. इतकी गुणाची भाजी सापडणार नाही, माणसाला काय आणि कुत्र्याला काय. पण कडू लागला की थुंकायचा, एवढं कुत्र्याला कळतं." मग त्यांनी दारावरच्या कागदाकडे बघितलं. "औषध म्हणे! हे कुणी लिहिलं?"

परिपत्रक फाइलकडे बघू लागले.

संध्याकाळी ऑफिसात त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मावशी उभी, नर्सताई उभी, आणि न बोलावता आलेले सुतारकाका बसलेले. साहेब उंबऱ्यात.

"अकराव्या नियमानुसार," परिपत्रक घसा साफ करून म्हणाले, "मला वाईट वाटतं, मावशी. मनापासून. पण नियम..."

"लिहा," मावशी म्हणाली. "मी बांधाबांध करते."

"माझंही लिहा," नर्सताई म्हणाली. ती मावशीकडे वळली. "दीड वर्ष मी तुमच्या भरवशावर सह्या केल्या! एकदा तोंड उघडायचं होतं!"

"आणि मी तुमच्या," मावशी म्हणाली. "मला वाटायचं, कधीतरी चाखाल तुम्ही. रोज वाटायचं, आज चाखतील आणि मी पकडली जाईन. सुटेन तरी."

नर्सताईने खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"आणि वही महिन्याला तपासून खाली सही कोण करतं?" सुतारकाकांनी सहज विचारलं. "आम्ही म्हातारे आहोत, विसरतो. तुम्हीच ना? लिहायचं तर तिघांचं लिहा. मग इथे सह्या करायला एक साहेबच उरतील. ते चाखून तरी करतील."

परिपत्रकाने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. दयेने माणसं वाचतात असं पुस्तकात असतं. मावशीची नोकरी वाचली ती तिसऱ्या सहीच्या भीतीने, आणि ज्याची होती त्याला हे पक्कं माहीत होतं. कोरा कागद फाइलीत गेला, कोराच.

बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली. सुतारकाका शेजारी टेकले.

"काका, तुम्हाला कधीच कळलं नाही? एवढी चवीची माणसं तुम्ही."

काकांनी गुळगुळीत गालावरून बोटं फिरवली. "कळलं नाही कसं? पहिल्या आठवड्यातच. एक दिवस मीठ दोनदा, एक दिवस नाहीच. एका मंगळवारी तर तू भातात साखर घातली होतीस. सगळ्या जेवणघराला माहीत होतं."

मावशी त्यांच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला काढलं असतं. तू तापात पडलीस तेव्हा आठ दिवस ठेकेदाराचे डबे आले होते, ते आम्ही खाल्लेत. आम्ही ठरवलं, गिळायचं. खिशात मिठाची पुडी ठेवायचो." त्यांचा आवाज उतरला. "आज दुपारपासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय गं. तो भोपळा ताटात आला असता ना, तर आम्ही एकोणचाळीस जणांनी एकमेकांकडे बघून, तुझ्यासाठी म्हणून, तोही गिळला असता."

साहेब येऊन दोघांच्या मध्ये बसले.

"दोघांनीच नाही म्हटलं आज," काका शेवटी म्हणाले. "त्यातला एक हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठले तेव्हा कमानीवरचे शोभेचे वेल बुंध्याशी कापलेले सापडले. काप सरळ होता, कसबी, करवतीचा. परिपत्रकाने चौकशी केली नाही. मावशीने आपली वेल स्वतःच उपटली. डबीतल्या उरलेल्या बिया चुलीत टाकल्या. भोपळा पुन्हा बाजारातून आला.

आणि अकरा वाजता मावशीने खिळलेल्यांच्या खोलीतून आत्याची चाकांची खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात आणली. साहेबांची वाटी आधीच चाटून झाली होती. आत्याला बाहेर येऊन महिने झाले होते. ती डोळ्यांनीच सगळं पिऊन घेत होती, टांगलेले डाव, वाफ, खिडकीतलं ऊन, भिंतीवरचे नियम.

"आत्या, या घरात सगळे माझ्या मायेपोटी खोटं बोलतात," मावशी म्हणाली. "मला खोटं न बोलणारं माणूस हवंय. कालचं मी विसरायला सांगत नाही. पण चाखशील?"

आत्याने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मावशीने चमचा पुढे केला, पण ओठांना लावला नाही. हवेत धरून थांबली. हात दुखायला लागला तरी थांबली.

आत्याने तोंड उघडलं.

घास घोळवला. गिळला. आणि मग तिच्या चालत्या अर्ध्या चेहऱ्याने असं तोंड केलं, की दारात उभ्या नर्सताईला हसू फुटलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला. "कडू?"

आत्याने मान हलवली. नाही. डावा हात उचलला, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, चिमूट सोडल्यासारखं.

"मीठ? मीठ नाही?"

आत्याने डोळे मिटून उघडले.

मावशीने फळीकडे बघितलं. वाटी पालथी होती. कोणी घातली, कधी घातली, देव जाणे. ती हसायला लागली, आणि हसता हसता ओट्याला धरून खाली बसली. "पहिल्याच दिवशी भोपळा दिलास मला परीक्षेत! दीड वर्षात एवढं कुणी सांगितलं नाही गं."

मग उठली, माप भरलं, ढवळलं, पुन्हा चमचा धरला. या वेळी आत्याने आपणहून मान पुढे केली.

वहीत नर्सताईने स्वतःचा घास खाऊन सही केली. त्याखाली नवी ओळ आखली. शाईची गादी ऑफिसातून आली, परिपत्रकाने ती स्वतः आणून दिली. आत्याने डावा अंगठा टेकवला, जरा जास्तच जोरात. कागदावर ठसा उमटला आणि कडेला नारिंगी डागही, कारण अंगठा पुसायचा राहिला होता.

"घंटा वाजवा," मावशी म्हणाली.